मदत हवी आहे : क्लाइडचा विंगर टॉमी रिंग

मंडळी, ग्लासगोत राहणारं किंवा जुन्या स्कॉटिश फुटबॉलची खडान्‌खडा माहिती असणारं इथे कुणी आहे का? क्लाइड क्लबचा डावा विंगर (डाव्या कडेने चढाई करणारा खेळाडू) टॉमी रिंग याच्यावर मराठीत सविस्तर लिहायचं आहे.

1955 च्या स्कॉटिश कपची फायनल. क्लाइडसमोर सेल्टिक, ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर लाखावर प्रेक्षक. सेल्टिक 1-0 ने पुढे, सामना संपत आलेला. तेवढ्यात क्लाइडच्या आर्ची रॉबर्टसनने मारलेला कॉर्नर सेल्टिकचा गोलरक्षक बॉनरला चकवून थेट जाळ्यात गेला! सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांनी फेरसामना झाला. त्यातला एकमेव गोल रिंगचा, आणि कप क्लाइडचा. 1957 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध त्याने पहिल्याच मिनिटाला गोल केला. तो सामना मात्र स्कॉटलंड 2-1 ने हरलं. देशासाठी एकूण 12 सामने. 1960 मध्ये तो एव्हर्टन या इंग्लिश क्लबला गेला आणि त्याच वर्षी पाय मोडला. पुढे बार्न्सली क्लबकडून खेळला. इतक्या गुणी खेळाडूचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला हवं आहे ते असं: त्या फेरसामन्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रांतलं वार्तांकन. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत जुने अंक चाळायला कुणी जाऊ शकेल का? फोटो काढून पाठवलेत तरी पुरे. शिवाय क्लाइडच्या तेव्हाच्या शॉफिल्ड मैदानावर त्याला खेळताना पाहिलेले कुणी आजोबा ओळखीत असतील, तर त्यांच्याशी बोलायला फार आवडेल. त्यांना चालेल त्या वेळी फोन करेन.