झाडं लावायची नाहीयेत, आहेत त्यांचा सण करायचाय. कसा करावा?

बकुळगंध
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय.

पुण्यात कर्वेनगरला राहते. आमची गल्ली म्हणजे तीन सोसायट्या, चार जुने बंगले आणि टोकाला देवीचं देऊळ. परवा लेकीला घेऊन झाडं मोजली तर चक्क ३१ भरली. देवळापाशी मोठा वड, दोन रेन ट्री, चार गुलमोहर, तीन सोनमोहर, एक बकुळ, एक काटेसावर, बाकी आंबे, अशोक, शेवगा वगैरे.

गेल्या जूनमध्ये वादळी पावसात पाचवा गुलमोहर मुळासकट उपटला आणि दोन गाड्यांवर पडला. नशीब की खाली माणूस नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक मिटिंगला तोच विषय, सगळी झाडं धोकादायक आहेत, बोडकी करून घ्या नाहीतर काढूनच टाका. एका कंत्राटदाराकडून भाव पण काढून झालाय. मला कोणाशी भांडायचं नाहीये. भीती खरीच आहे लोकांची. पण झाड पालिकेचं आणि पाला मात्र आपल्या दारात, असं काहीतरी डोक्यात बसलंय सगळ्यांच्या, आणि ते मला फार लागतं, कारण ह्याच वडाच्या पारंब्यांना लोंबकळत आम्ही सगळे मोठे झालो.

मग मनात आलं की गणपती बसवतो, कोजागरीला गच्चीत दूध आटवतो, तसा एक दिवस गल्लीतल्या झाडांचा का नको? पण ५ जूनला रोपं वाटायची, फोटो काढायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात ती वाळलेली बघायची, असलं नको. लावायला जागाही नाही. जी उभी आहेत त्यांचंच काहीतरी करायचंय. कोणी केलंय का? लोक कसे जमवलेत? आणि झाडाला खरंच उपयोग होईल असं काय करता येईल? वडाच्या बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि सोनमोहराला क्लासच्या जाहिरातींचे खिळे आहेत, त्याचंही सांगा.

माटुंगेकर
लेकीला आधी शाबासकी द्या, मोजणी केलीत तिथेच अर्धं काम झालंय. मुंबईत २०१८ च्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांवर झाडं निघाली, पण असा आकडा ऐकून कोणाच्या मनात काही हलत नाही, आपल्या खिडकीसमोरच्या झाडाचा घेर किती हे कळलं की हलतं. आम्ही पोरांच्या हातात शिंप्याची टेप दिली, जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर घ्यायचा, वहीत लिहायचं, पुढच्या वर्षी परत तिथेच मोजायचं. पोरं स्वतःहून भांडायला लागली की माझं झाड किती वाढलं. एक आंबा वर्षात बोटभर जाड झालेला निघाला तर त्या दोघी बहिणींनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

दुसरं सांगतो ते मनापासून. आमच्याकडे २०१३-१४ च्या सुमारास रेन ट्रींवर मिलीबग आला, पिठ्या ढेकूण. मुंबईत ठिकठिकाणी झाडं उभ्याउभ्या वाळली. आमच्या रस्त्यावरचंही एक गेलं. त्याच्याखाली एक इस्त्रीवाला भैया वर्षानुवर्षं गाडी लावायचा. रेन ट्रीची पानं संध्याकाळी मिटतात ना, ती मिटायला लागली की हा कोळसे विझवायचा, घड्याळ बघायचाच नाही. झाड तोडायला माणसं आली त्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर उकिडवा बसून होता, गाडी लावलीच नाही त्याने. नंतर ताडपत्री बांधली, पण दुपारी बारा ते चार त्याला तिथे उभंच राहवत नाही. ह्या माणसाला आम्ही त्या झाडाबद्दल कधी विचारलंच नव्हतं. म्हणून म्हणतो, कार्यक्रमाला पाहुणा वगैरे बोलवू नका. झाडाखाली जो दिवस काढतो, भाजीवाली, रिक्षावाले, वॉचमन, त्यांना बोलतं करा. सोसायटीची माणसं कधी नव्हे ते गप्प बसून ऐकतात, आमचा अनुभव आहे.

माळीकाका
ताई, आयुष्य बागकामात गेलं माझं म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर राग मानू नका.

गुलमोहर पडला त्याआधी दोन-तीन वर्षांत तिथे खोदकाम झालं होतं का बघा. केबल, ड्रेनेज, काहीही. गुलमोहराची मुळं उथळ पसरतात, एका बाजूची तोडली की झाड वरून हिरवंगार दिसतं पण पाय तुटलेला असतो, आणि पहिल्या वळिवाला आडवं होतं. मग लोक म्हणतात झाड धोकादायक. बोडकं करणं हा तर त्याच्यावरचा सगळ्यात वाईट उपाय. शेंडे उडवले की त्या खुंटावरून फुटवे भसाभसा येतात, नुसते वरच्या सालीला धरून असतात, आणि तेच पुढे मोडून पडतात. छाटायचंच तर जड झालेली, वाळलेली फांदी निवडून काढायची, आणि ती जिथून फुटलीये तिथे एक फुगीर कड असते, तिच्या लगत बाहेरून कापायचं. कड राखली तर जखम भरते, खुंट ठेवला तर सडत आत जातं. जड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप द्यायचा मग वरून, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत येते.

आणि हे पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेऊनच. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांचा कायदा आहे, झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, आणि तोडायला परवानगी मिळाली तर त्या झाडाचं वय जितकं तितकी झाडं लावून द्यायची असतात. तुमचा वड त्यात बसेल असं वाटतंय, वय काढून घ्या. मिटिंगमध्ये एवढं सांगितलं तरी कंत्राटदाराचा भाव बाजूला पडेल.

पेव्हर ब्लॉकचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या प्रकरणात सांगितलंय की बुंध्याभोवती १ मीटर काँक्रीट नको. उद्यान विभागाला अर्जात ते लिहा. पण काढताना जेसीबी आणू नका, हात जोडून सांगतो. पहार आणि छिन्नी-हातोडा, आणि एक माणूस हाताने माती बाजूला करत बसलेला. मूळ दिसलं की थांबायचं. मग वाळलेला पाला आणि थोडं शेणखत घालून आळं करायचं, पण खोडाला चिकटवून मातीचा ढीग लावायचा नाही, साल कुजते. खिळे पकडीने सरळ ओढून काढा. सालीने गिळलेला असेल तर उकरत बसू नका, राहू द्या. खोडाला ऑइलपेंट फासतात तोही बंद करा, झाडाला श्वास घ्यायला साल लागते. गेरू-चुना चालतो.

स्पष्टच_सांगतो
सगळं छान आहे पण ज्याची गाडी चेपली त्याला विचारा. माझी चेपलीये, वेगळ्या शहरात. इन्शुरन्सला चार महिने फेऱ्या मारल्या. आणि आमच्या दारातली सप्तपर्णी ऑक्टोबरात फुलली की आईला दम्याचा त्रास होतो, आम्ही त्या दिवसांत खिडक्या लावून बसतो. झाडावर प्रेम असलंच पाहिजे पण त्रास होणाऱ्याला खलनायक करू नका, एवढंच म्हणणं आहे. तुमच्या त्या सणात ह्याचंही बोलणं होऊ द्या.

माळीकाका
@स्पष्टच_सांगतो, अगदी बरोबर बोललात. सप्तपर्णी एकाच रस्त्यावर ओळीने पन्नास लावली हीच चूक, तिचा वास खूप जणांना सोसत नाही. आईंची काळजी घ्या. आणि बकुळगंध ताई, ह्यांचा मुद्दा धरून वर्षातून एकदा, वळिवाच्या आधी, जाणकाराकडून प्रत्येक झाड बघून घ्या. पोकळी, भेगा, बुंध्याशी आलेली अळंबी, एका बाजूला उचललेली माती. भीती खरी असेल तर तिथल्या तिथे कळेल, नसेल तर बाकीची ३० झाडं तिच्या नावाखाली मरणार नाहीत.

सुमनआजी
बाळा, तुझ्याकडे वड आहे म्हणतेस, मग नवा सण कशाला शोधतेस गं? ज्येष्ठातली पौर्णिमा आहे की.

आम्ही साताऱ्याला. आमच्या वडाला एका वटपौर्णिमेला इतकं सूत झालं होतं, त्यात कोणी नायलॉनचंही गुंडाळलेलं, की पावसाळ्यानंतर बघितलं तर कोवळ्या पारंबीत वळ उठला होता. बांगडी घट्ट झाल्यावर मनगटाला उठतो तसा. मला ते बघवलं नाही. ज्याच्यापुढे उपास धरायचा त्याच्याच हाताला काच. आणि बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला, त्या घरात कुंडीत खोचून पुजायच्या, ते तर मला आधीपासूनच पटत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या बायकांनी ठरवलं. सगळ्यांचं मिळून एकच सूत, सुती. फेरे सगळ्यांनी घ्यायचे, सूत सैल ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीतिघींनी जाऊन सोडवायचं. वाणातले आंबे मुलांना. प्रत्येकीने एक कळशी पाणी आणायचं, ज्येष्ठ कोरडा गेला तर ते झाडाला फार लागतं. ज्यांचे नवरे गेलेत त्याही येतात आमच्यात, पाणी घालायला कुंकू लागत नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, दुसऱ्या वर्षी कोणी बोललं नाही. आणि पारंब्या तोडू देऊ नकोस बाळा, डोक्याला लागतात म्हणून कापतात. ती त्याची काठी असते म्हातारपणची.

गोदाकाठ
आजी, शेवटचं वाक्य वाचून हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला वड आठवला. बुरशी लागल्यामुळे त्याचं मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं, आणि तो आजही उभा आहे, नुसत्या पारंब्यांवर. बकुळगंध, रस्त्यावर येणारी पारंबी असेल तर पोकळ बांबूत किंवा पाइपात माती भरून तिला बाजूला वळवत जमिनीपर्यंत नेता येतं, तिथे रुजली की खांब होतो.

मी नाशिकचा. माझं मत थोडं वेगळं आहे, एक दिवस धरू नका, झाडांचं पंचांग धरा. आम्ही तेच करतो आणि त्याला खर्च शून्य. माघ-फाल्गुनात काटेसावरीखाली सकाळी सातला जमायचं, पान एक नसतं पण लाल फुलांवर मैना, कोतवाल, बुलबुल नुसती दंगल घालतात. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे हे तिथे आलेल्या वीस जणांपैकी दोघांना माहीत होतं. पावसात कदंबाचे चेंडू. वड-उंबर पिकले की तांबट पक्षी येतोच, त्यासाठी तर आम्ही चहाचा थर्मास घेऊन बसतो. एक मात्र बघा, तांबट वाळक्या मऊ फांदीत भोक पाडून घर करतो, त्यामुळे जिथे खाली माणूस-गाडी नाही तिथली वाळकी फांदी राहू द्या.

आणि कोणी हसलं की झाडांचा कसला सण, तर सांगा, २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई ह्या झाडांसाठी काम करणाऱ्या संस्थेने वृक्षसंमेलन भरवलं होतं, सयाजी शिंदे त्यात होते, आणि संमेलनाचा अध्यक्ष कोण, तर वडाचं झाड.

खिळ्यांसाठी पुण्यातच आंघोळीची गोळी ही संस्था आहे, खिळेमुक्त झाडांची मोहीम त्यांनीच चालवली, त्यांना गाठा. पाल्यासाठी तिथलाच ब्राउन लीफ ग्रुप, ज्याला वाळला पाला नको आणि ज्याला हवाय त्यांची ते गाठ घालून देतात. पाला दारात पडतो ही तक्रार तिथेच मिटेल.

बकुळगंध
दोन महिन्यांनी लिहितेय. सगळ्यांचे खूप खूप आभार, आजींना खास नमस्कार.

काटेसावरीचा मोसम हुकला, पण वटपौर्णिमेच्या आदल्या रविवारी आम्ही वडाचं आळं मोकळं केलं. परवानगी घेतली, उद्यान विभागाचा माणूस स्वतः येऊन उभा राहिला. सकाळी सहा जण होतो, नऊपर्यंत बावीस झालो, देवळाच्या गुरवांनी पहार आणून दिली. ब्लॉक निघाले, त्याखाली खडी, त्याखाली सिमेंटचा जुना थर. तो फुटला तेव्हा खाली माती पांढरी पडलेली, पिठासारखी, आणि त्यात मूळ वळून वळून परत खोडाकडेच आलेलं. समोर भिंत लागली की माणूस मागे फिरतो तसं. लेक म्हणाली आई ह्याला बाहेर जायचंच होतं. मला पुढे काही बोलता येईना.

सोनमोहराचे २७ खिळे निघाले. एकाला लोखंडी ट्री गार्डची कडी अर्धी खोडाच्या आत गेलेली सापडली, कधी काळी कोणीतरी प्रेमाने लावलेलं गार्ड नंतर काढायचं राहिलं असणार. बाहेरचा भाग कापला, आतला माळीकाकांनी सांगितल्याप्रमाणे तसाच ठेवला.

वटपौर्णिमेला एकच सूत झालं. बोलायला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना उभं केलं होतं, त्या म्हणाल्या की ह्या वडाखाली त्यांची पालेभाजी इतर ठिकाणच्यापेक्षा दोन तास जास्त टिकते, आणि पाणी मारायला लागत नाही. मिटिंगमध्ये छाटणीचा विषय अजून आहे, पण आधी तपासणी करून घ्यायची असं लेखी झालंय. दोन घरांचा अजूनही विरोध आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला. आळ्यात वीतभर पाणी साचलं आणि आम्ही बाल्कनीतून बघत होतो तोवर जिरलं. एरवी तेच पाणी देवळाच्या पायरीवर चढतं.

आता एक अडचण, माळीकाका बघताय का? बकुळीचं आळं करायला घेतलं तर सहा इंचावर केबल लागली, मुळाला अगदी घासून गेलेली, आणि कोणाची आहे ते कळत नाहीये. काम थांबवून वर गोणपाट टाकून ठेवलंय. झाड एका बाजूला किंचित कललंय असंही वाटतंय. आधी कोणाला बोलवू?