घोड्याच्या उडीचा फोटो दर वेळी हुकतो, काय चुकतंय?

वरसोलीची_ताई:
नमस्कार मंडळी, मी अलिबागजवळ वरसोलीला राहते. भाची दोन वर्षं घोडेस्वारी शिकतेय, गेल्या रविवारी तिचा पहिला शो जंपिंगचा, म्हणजे घोड्यावरून दांड्या ओलांडायचा शो झाला आणि मी दीडशे फोटो काढले त्यातले धड चारच. एकतर घोडा उडी मारून खाली उतरलेला, मान खाली, पोरगी पुढे कोलमडल्यासारखी, नाहीतर नुसती दांडी आणि पुढचे दोन पाय. कॅनॉन १५००डी, ७०-३०० लेन्स, शटर १/५००, बर्स्टवर (बटण दाबून धरलं की सलग फोटो) ठेवलेला. त्यात साडेअकराचं ऊन आणि घोडा काळाभोर, तोंड म्हणजे काळा डाग. पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच्या घोडागाडी शर्यतीचे फोटो मी बरे काढते मग इथेच काय होतंय? पुढच्या महिन्यात परत शो आहे, तिच्या आईला एक फ्रेम करून द्यायचीय.

टापांचा_नाद:
ताई बर्स्टवर विसंबू नका. तुमचा कॅमेरा सेकंदाला तीनच फ्रेम घेतो आणि शो जंपिंगला वेग साधारण मिनिटाला ३५० मीटर धरतात, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये घोडा जवळजवळ दोन मीटर पुढे गेलेला असतो, उडी तिथेच हुकते. शर्यतीत घोडा सरळ पळतो, कुठेही पकडला तरी चालतं. उडीत हवा असतो तो एकच क्षण, पुढचे गुडघे पोटाशी, मागचे पाय नुकतेच सुटलेले, पाठ कमानीसारखी. तो डोळ्याने पकडायला गेलात तर उशीरच होणार, कानाने पकडा. कँटरमध्ये, म्हणजे घोड्याच्या मध्यम दौडीत, टापांचे तीन ठोके पडतात मग जरा गॅप, परत तीन. दांडीपाशी मागचे दोन पाय जोर लावतात तो ठोका वेगळा येतो, जड. त्या ठोक्याला बटण दाबायचं, शांत झाल्यावर नाही. फोकस आधीच वरच्या दांडीवर लावून ठेवा, शटर १/१००० च्या खाली नको. पहिले दोन-तीन स्पर्धक तर कॅमेरा खाली ठेवून नुसते ऐका.

पुळणवाला:
काळ्या घोड्यामागे उजळ वाळू आली की कॅमेरा फसतो, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा, नंतर उजळता येतं. फ्लॅश अजिबात नको, घोडा बिचकला तर पोरगी खाली.
फ्रेमसाठी घोड्याबरोबर उभा फोटो हवा असेल तर सकाळी किनाऱ्यावर काढा. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे जमिनीकडे पाठ केलीत की ऊन थेट घोड्याच्या अंगावर. भरतीचा हिशोब तुम्हाला ठाऊकच असेल, तिथीला तीनने गुणून चारने भागायचं, येतात ते भरतीचे वाजलेले. द्वितीयेला भरती रात्री दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-पावणेआठला, पुळण ओली, घोड्याचं प्रतिबिंब पण मिळतं.

तबेल्यातला:
मी घोड्यांत काम करतो म्हणून एक सांगतो, घोडेवाले आधी कान बघतात. कान मागे चिकटलेले किंवा स्वाराने तोंड ओढून धरलेलं असेल तर फोटो कितीही शार्प असूदे, आम्हाला तो बघवत नाही, घोड्याला त्रास होतोय हे दिसतं. दांडी समोर आली की कान आपसूक पुढे येतात म्हणून दांडीच्या पलीकडे, थोडं तिरकं आणि खाली बसून काढा, स्वाराची नजर पुढच्या उडीकडे असते ती पण मिळेल. पण कठड्याच्या बाहेरच हां, आणि कॅमेऱ्याचा पट्टा लोंबकळू देऊ नका, प्लास्टिकची पिशवी वाजवू नका. उभ्या फोटोला मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) थोडं लांब उभं करून चाऱ्याची बादली हलवायला सांगा, बघा कान कसे उभे होतात.

वरसोलीची_ताई:
आज सरावाला जाऊन आले. पहिल्या वीसेक उड्या गेल्याच, मग तो जड ठोका ओळखू यायला लागला. एक फोटो आलाय, कान पुढे, भाची पुढच्या दांडीकडे बघतेय, आणि मागच्या नालेतून वाळू सुटताना दिसतेय. द्वितीया गुरुवारी आहे, घोडा पुळणीवर आणायचं तबेल्यात विचारून ठेवलंय.