नवोदयच्या फॉर्मात परीक्षेची भाषा मराठी घालू की कन्नड? (मुलगी पाचवीत, बेळगाव तालुका)

कडोलीकडची आई

नमस्कार. आमची धाकटी गावातल्या सरकारी मराठी शाळेत पाचवीत आहे. परवा बाईंनी बोलावून सांगितलं, हिचा नवोदयचा (सहावीपासनं राहून शिकायची केंद्र सरकारची शाळा) फॉर्म भरा, संधी एकदाच मिळते. तेव्हापासनं घरात हाच विषय.

दीर म्हणतात, शाळा कर्नाटकातली, पुढं कन्नडच लागणार, तर परीक्षाही कन्नडमधनं दे. आमचे हे उद्यमबागला फौंड्रीत आहेत, त्यांना वाटतं इंग्रजी घालावं. सायबरवाला तर न विचारताच कन्नड घालायला निघाला होता, मी थांबवलं.

मी काय बघितलंय ते सांगते. रताळी काढली तेव्हा अंगणात पोती मोजायला ही बसली होती. २३ पोती, एका पोत्यात ५० किलो. "वीस पोत्यांचे हजार, तिनाचे दीडशे, अकराशे पन्नास," मी विचारायच्या आधीच बोलली. असलंच गणित कन्नड पुस्तकातनं दिलं तर ओत्तक्षर (जोडाक्षर) आलं की बोट ठेवून थांबते, आणि गणित बाजूलाच राहतं. कन्नड तिला आवडतं, शेजारच्या मैत्रिणीशी छान बोलते. वाचायला मात्र वेळ लागतो.

दुसरं असं, तिसरीला मी आजारी होते म्हणून वर्षभर ती बेळगाव शहरात शहापूरला माझ्या आईकडं राहिली, तिथल्याच शाळेत गेली. रेशन कार्ड, आधार सगळं गावचं आहे. ग्रामीणमध्ये धरतील ना?

आणि निवड झालीच तर तिच्या मराठीचं काय होणार? घरात विचारलं की म्हणतात, आधी नंबर तर लागू दे. मला आधीच विचार करायचाय.

खानापूरचे निवृत्त गुरुजी

ताई, मी बरीच वर्षं मुलांना या परीक्षेला बसवलं, म्हणून जरा लांब लिहितो.

मराठीच घाला. आपल्याकडच्या मुलांना मराठीतनं पेपर देता येतो. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील. इथं भाषेचं काम फारसं नाही. पण पुढं अंकगणिताचे २० प्रश्न आणि उतारे वाचून सोडवायचे २० प्रश्न आहेत, दोन्हींना २५-२५ गुण. आणि तिन्ही भागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं. आकृत्यांत कितीही मिळवा, उताऱ्यात मागं पडलं की पोर बाहेर. तुमची मुलगी पोत्यांचा हिशेब ज्या भाषेत करते, तिचा पेपर त्याच भाषेत हवा.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, गणितात फार तल्लख. घरच्यांनी पुढचा विचार करून भाषा कन्नड घातली आणि मला फॉर्म भरून झाल्यावर सांगितलं. निवड झाली नाही. या परीक्षेचे गुण कळवत नाहीत, त्यामुळं कुठं अडलं तेही समजायला मार्ग नाही. पोरानं मनाशी धरलं की आपल्याला गणित येत नाही. महिनाभर वर्गात हात वर केला नाही. शेवटी मी तसलीच वीस गणितं मराठीत लिहून त्याच्या घरी गेलो, ओट्यावर बसवून सोडवून घेतली. अठरा बरोबर आली. ती त्याला दाखवली तेव्हा तो रडला, आणि खरं सांगतो, मलाही आवरलं नाही. परत बसता येत नाही हो, पाचवीत एकदाच. परीक्षेची भाषा एक आणि पुढं शिकायची भाषा वेगळी असू शकते, एवढं दिरांना नीट समजावून सांगा.

आता तिसरीचं. हे तुम्हाला आवडणार नाही. राहता कुठं यावर ग्रामीण-शहरी ठरत नाही. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत व्हावी लागतात. त्यात एक दिवस जरी शहरी शाळेत गेला तरी मूल शहरी धरतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. तुमची मुलगी उरलेल्या जागांसाठी बसेल, तिथं चुरस जास्त. पण वर्ष लपवायचं मनातही आणू नका. कागदपत्रं तपासताना निघालं तर झालेली निवडही जाते.

महागड्या क्लासची गरज नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घाला, पेन्सिलीनं भोक पाडा आणि उलगडायच्या आधी तिला भोकं काढून दाखवायला सांगा. रोज दहा मिनिटं पुरे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही हे तिला सांगून ठेवा.

निपाणी ते कोथळी

ताई, मी मराठी शाळेतनंच कोथळीच्या नवोदयला गेलो. मराठीचं विचारलंत म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्याच्या नवोदयात प्रादेशिक भाषा कन्नड. वरच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतनं. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या नवोदयात पाठवतात, तेही धरून चाला. माझी मराठी आज्जीमुळं टिकली. ती दर पंधरवड्याला पत्र लिहायची आणि उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र पाठवायची नाही. पहिल्या वर्षी मी चार ओळी लिहायचो. दहावीत पानं भरायला लागलो. सुट्टीला आलो की माझी सगळी पत्रं ती मला मोठ्यानं वाचायला लावायची, चुकलेल्या वेलांट्यांसकट. तुम्ही फोनवर भागवू नका, लिहा.

खर्चाचं म्हणाल तर राहणं-जेवण फुकट. नववीपासनं जी फी घेतात, ती मुलींना माफ आहे.

पाचवीच्या बाई, हुक्केरी तालुका

मी दरवर्षी हे फॉर्म भरून देते, तरी मनातलं लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत घेताना मुलाची परीक्षा घ्यायला बंदी केली, तरी नवोदयला प्रवेश परीक्षेनंच मिळतो. एवढा मोठा जिल्हा, आणि जागा जास्तीत जास्त ८०. माझ्या वर्गात चौदा मुलं आहेत. त्यातली एक हुशार पोर गेली की मागं बसणाऱ्यांना गणित समजावून सांगणारं कुणी राहत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय. तरी सही करते, कारण त्या पोरीला अडवायचा मला हक्क नाही.

यादीत नाव नाही आलं तर आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असावं लागतं, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. मिळाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. तुमच्या बाईंना आत्ताच सांगून ठेवा, आमच्याकडं कितीतरी मुलांना ही परीक्षा माहीतच नसते.

कडोलीकडची आई

गुरुजी, तिसरीचं वाचून वाईट वाटलं, पण आधी कळलं ते बरं झालं. शहापूरची शाळा फॉर्ममध्ये खरी तीच लिहिणार. भाषा मराठी. दिरांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी जुनी वर्तमानपत्रं घेऊन तेच तिच्यासमोर बसले.

एक राहिलं. मुख्याध्यापकांची सही घ्यायला उद्या जातेय. तिसरीचा दाखला शहापूरच्या शाळेतनं वेगळा आणावा लागेल का?

खानापूरचे निवृत्त गुरुजी

प्रमाणपत्र आत्ताच्या शाळेचे मुख्याध्यापकच देतात, त्यात तिन्ही वर्षांच्या शाळा लिहायच्या असतात. तरी शहापूरचा दाखला घरात असू द्या, निवड झाल्यावर कामाला येईल.