बिस्त्रोतलं जेवण : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पॅरिसला काय बघावं यावर भरपूर लिहून झालंय. मला ऐकायचंय ते तुम्ही कुठल्या बिस्त्रोत, म्हणजे तिथल्या छोट्या साध्या खाणावळीत, जेवलात, पानात काय होतं आणि कोण वाढत होतं. मिशलँ या रेस्टॉरंट-मार्गदर्शकाचे तारे मिळालेली महागडी रेस्टॉरंटं नकोत. खडूने लिहिलेली पाटी, काउंटर, एकमेकांना खेटलेली टेबलं असलेली साधी जागा हवी. सुरुवात मी करते.

पॅरिसच्या ११व्या विभागात माझी खोली होती आणि कोपऱ्यावर बिस्त्रो. पहिल्या दिवशी सव्वादोनला गेले, तर स्वयंपाकघर बंद. दुसऱ्या दिवशी साडेबाराला गेले, दारातच 'बाँजूर' म्हटलं आणि जागा मिळाली. मंगळवारी तिथे 'ब्लांकेत द व्हो' असायचं, म्हणजे क्रीम घातलेल्या पांढऱ्या रश्श्यात शिजलेलं वासराचं मांस, त्यात गाजर आणि मशरूम, सोबत भात. माझा रस्सा ताटलीत उरलेला बघून शेजारच्या आजींनी बास्केटमधला पावाचा तुकडा माझ्यापुढे केला आणि ताटली पुसून कशी खायची ते स्वतःच्या ताटलीत करून दाखवलं. चौथ्या मंगळवारी मालकीणबाईंनी पाटीकडे बोट न करता नुसतं विचारलं, "नेहमीचंच ना?" परक्या गावात मला पहिल्यांदा कुणी ओळखलं, ते तिथे. तिथल्या काउंटरला 'झँक' म्हणजे जस्त म्हणतात, पण जुने बरेचसे काउंटर खरं तर कथलाच्या मिश्रधातूचे असतात. कोपरं टेकून टेकून त्याची कड मऊ, गोल झाली होती. अजून हाताला आठवते.

*

धाग्याबद्दल आभार, ताई. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. कांद्याचं सूप डोळे मिटून मागवू नका, ते बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या पाण्यात करतात. मला तारलं ते शेळीच्या दुधाच्या गरम चीजच्या सॅलडने. भाजलेल्या पावावर चीज वितळत असतं, खाली कोशिंबिरीची पानं, वरून अक्रोड आणि कधी मध. प्वी गावच्या हिरव्या मसुराचं सॅलडही सुंदर, फक्त त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना ते विचारून घ्या. आणि 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण नव्हे. 'काराफ दो' मागितलं की नळाचं पाणी येतं. त्याचे आणि पावाचे वेगळे पैसे नसतात.

*

मी फ्रान्समधल्या ल्यों शहराचा. म्हणजे तीन वर्षं राहिलो, पण तसंच म्हणवतं. तिथल्या बिस्त्रोला 'बुशाँ' म्हणतात. वाईन जाड बुडाच्या ४६ सेंटीलिटरच्या बाटलीत येते, तिला 'पो' म्हणतात. रेशीम विणणारे कामगार, 'कानू', भल्या पहाटेपासून राबून सकाळीच भरपेट खायचे. ती 'माशाँ'ची चाल आजही आहे. 'सेर्व्हेल द कानू' या नावाचा अर्थ 'विणकराचा मेंदू', पण असतो तो ताज्या चीजचा पदार्थ, त्यात लसूण, चाइव्हची पात, बारीक कांदा, तेल, व्हिनेगर. पहिला घास घेतला आणि आईचा चक्का आठवला, लसूण घातलेला. याच शहरातल्या युजेनी ब्राझिए हिने १९३३ साली आपल्या दोन रेस्टॉरंटांना मिशलँचे तीन-तीन तारे मिळवले. ल्योंच्या स्वयंपाकाचा पाया असा बायकांनी घातलाय, हे तिथे जेवताना विसरू नये.

*

वडिलांना पॅरिसच्या शार्तिए रेस्टॉरंटला घेऊन गेले होते. १८९६ पासूनचा 'बुईयाँ', म्हणजे कष्टकऱ्यांना स्वस्तात गरम जेवण देणारी जागा. बाबा गिरगावच्या खाणावळीत आठ वर्षं जेवलेले. भिंतीतले छोटे क्रमांकाचे कप्पे दिसताच ते उठून उभे राहिले. रोजच्या गिऱ्हाइकांचे रुमाल त्यात ठेवत. काळं जाकीट, पांढरा एप्रन घातलेल्या वाढप्याने टेबलावरच्या कागदावरच पेनाने हिशेब मांडला. बाबांनी तेवढा कागद काळजीपूर्वक फाडला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. आता तो त्यांच्या पासबुकात आहे.

*

पॅरिसमध्ये आलेले रशियाचे कॉसॅक सैनिक 'बिस्त्रो, बिस्त्रो', म्हणजे रशियनमध्ये 'लवकर', असं ओरडायचे, त्यावरून हा शब्द आला ना?

*

पॅरिसच्या माँमार्त्र भागात तशी पाटी आहे, १८१४ सालची गोष्ट सांगणारी. पण शब्द छापील मजकुरात दिसतो तो १८८०च्या दशकात, म्हणून भाषेचे अभ्यासक ती व्युत्पत्ती मानत नाहीत. बिस्त्रोचा धंदा उभा केला त्यात मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न प्रांताची माणसं फार. पॅरिसला येऊन आधी पाणी वाहिलं, मग लाकूड-कोळसा विकला, त्याच दुकानात वाईनचे पेले भरू लागले.

*

मी दीड वर्ष एका बिस्त्रोच्या स्वयंपाकघरात होतो. सकाळी कांदे चिरणं माझ्याकडे. मंद आचेवर पाऊण तास तरी हलवायचे, रंग गडद तपकिरी होईपर्यंत. घाई केली तर करपून कडू होतात. बदकाच्या तंगड्या रात्रभर मिठात, मग त्याच्याच चरबीत हळूहळू शिजवून त्या चरबीतच बुडवून ठेवायच्या. आज काही ठिकाणी हे सगळं तयार पाकिटातून येतं, वाईट वाटतं. पाटीवर 'फे मेझों', म्हणजे इथेच शिजवलेलं, ही खूण बघा: भांडं आणि वर छपरासारखं झाकण. २०१४ पासून आहे. साडेअकराला आम्ही सगळे, भांडी घासणाऱ्यापासून शेफपर्यंत, एका टेबलावर जेवायचो. बाराला पहिलं गिऱ्हाईक.

*

ऑक्टोबरात जातोय, पाच दिवस. रविवारी उघडी असतात का?

*

बरीच लहान बिस्त्रो रविवारी आणि सोमवारी बंद असतात. मंगळवारी दुपारी जा, ब्लांकेत मिळाली तर इथे येऊन लिहा.