जुन्या डायऱ्या: ठेवल्यात, फाडल्यात, की अजून ठरत नाहीये?

निवांत_वेळ
माळा आवरताना डायऱ्यांचा गठ्ठा हाती लागला. एका पानावर पेन कागदाच्या आरपार गेलंय, इतकं दाबून लिहिलंय, आणि राग कुणाचा? नुसतं 'त्या'. या 'त्या' कोण, डोकं खाजवूनही आठवेना! हसू आलं, मग जरा कसंतरीच झालं. आता ठेवू की फाडू? माझ्यामागे कुणी वाचलं तर? तुम्ही काय केलंत, लिहा.

खारूताई
सगळ्या संपवल्या. जाळायची सोय नव्हती म्हणून बादलीत भिजत घातल्या. शाईपेनाची पानं लगेच धुऊन निघाली, बॉलपेनवाली मात्र लगद्यातही वाचता येत होती. मेली नेमकी तीच जास्त खासगी!!

मधलीसुट्टी
माझी आईने वाचली होती. नववीत असताना. रागावली नाही, पण जेवताना माझंच वाक्य मला ऐकवलं, सगळ्यांसमोर. तेव्हापासून लिहिणं बंद. घरात ज्याचं चालतं त्याने जास्त जपून वागावं ना? त्या वयात भरवसा ठेवायला दुसरं असतं कोण.

खारूताई
अगं मधली 🫂 मी सांकेतिक लिपी काढली होती. आता मलाच लागत नाही.

गप्पू
काफ्का या लेखकाने मित्राला, माक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं की माझं सगळं न वाचता जाळ. १९२४ला काफ्का गेला, १९२५ला ब्रोडने कादंबरी छापलीसुद्धा. तेव्हा जाळायचं तर आपल्या हाताने. (आपण काफ्का नाही हे मान्य.)

तीन_टिंबं
गप्पू, तुकोबांचं आठवा. वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या म्हणतात. आपण सोडणं वेगळं आणि वरचढ माणसाने सोडायला लावणं वेगळं. दुसऱ्याला 'जाऊ दे ना' म्हणणारे बहुतेक वेळा वरच्या पायरीवर उभे असतात, माझ्या हापिसात तरी. वह्या तरल्या अशी श्रद्धा आहे, अभंग लोकांना पाठ होते म्हणून टिकले असंही म्हणतात. मला दुसरं जास्त आवडतं.

गप्पू
हापिसाचा वेगळा धागा काढा, मी येतो 😄

रिकामा_कागद
पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८६चा प्रयोग आहे. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं सगळ्यात जड ते लिहायचं. लिहून झाल्याझाल्या लोकांना आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. म्हणजे फायदा लिहिण्यात, गठ्ठा सांभाळण्यात नाही. फाडा बिनधास्त.

सांजवात
बाबा गेल्यावर त्यांच्या डायऱ्या मिळाल्या. भीत भीत उघडल्या. पानोपानी हेच: टाकी भरली, बूट शिवायला दिले, पाऊस. माझ्या जन्मतारखेला: 'मुलगी. दोघी ठीक. रात्री पाऊस.' हे कसं फाडू, सांगा.

निवांत_वेळ
सांजवात 🙏 नका फाडू.

मोरपीस
मी रोज शेवटी 'आता तुझं तू बघ' लिहून वही मिटते. वर कुणी आहे की नाही यावर भांडू नका, झोप लागते एवढं खरं.

गप्पू
मी असं साहेबांना मेलमध्ये लिहिलं तर?

मोरपीस
मग तुम्हालाही कायमची झोप 😂

तात्या_टंकलेखक
स्कॅन करून क्लाउडवर टाका, मग पासवर्ड विसरा. दोन्ही साधतं.

खारूताई
तात्या 😆 बरं, हाताला लागलेली बॉलपेनची शाई कशाने जाते?

मधलीसुट्टी
स्पिरिट. नंतर क्रीम चोळ, कातडी फार कोरडी पडते.