पेणचे मूर्तिकार अडचणीत आहेत, ३००० मध्ये काय करता येईल?

पाटावरचा: आजोबांपासून आमचा गणपती पेणजवळच्या एकाच कारखान्यातून येतो. यंदा मूर्तिकार दादा फोनवर म्हणाले, "पाट पाठवू नका, जमेलसं वाटत नाही." कर्ज आहे, मुलगा कंपनीत लागलाय. नुसते पैसे दिले तर घेणार नाहीत. बजेट ३०००.

मोठ्ठा_मोरया: आमच्या मंडळाचा पाच फुटी शाडूचा असतो. १८ हजार रोख, एक रुपया घासाघीस नाही. कलाकार जगवायचा तर असा.

ठाण्याची_काकू: शाडू जपून हं. गेल्या वर्षी घरी पोचेपर्यंत सोंडेला तडा! दीड दिवस हार तिथेच अडकवून लपवला.

सडेतोड: तरी शाडूच घ्या. पीओपीवर २०२० पासून बंदी आहे.

कलम_कोर्ट: होती. जून २०२५ मध्ये हायकोर्टाने पीओपी मूर्ती करायला-विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. तोवर कारखानदारांचा जीव टांगणीला लागला होता त्याचं काय?

सडेतोड: नदीचं काय ते बोला.

हमरापूरचा_भाचा: वाद दुसऱ्या धाग्यावर न्या. मामांचा कारखाना आहे म्हणून सांगतो. माती, रंग सगळं सहा महिने आधी उधारीवर उचलतात. व्यापारी पैसे देणार गणपती झाल्यावर, तेही तुटलेल्या मूर्तींचे कापून. तेव्हा इसार नको, पूर्ण रक्कम आत्ताच द्या. शिवाय पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार आणि मूर्तिकार दोघेही बसतात. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याज, तारण नाही. अर्ज सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात तिथे. मात्र गेल्या पाच वर्षांतलं मुद्रा कर्ज फेडायचं राहिलं असेल तर मिळत नाही, ते आधी विचारा.

मोठ्ठा_मोरया: मी तेच म्हणालो, रोख द्या.

ठाण्याची_काकू: आणि गाडीत मांडीवर घेऊन बसा. डिकीत नको.

पाटावरचा: आभार. काल जाऊन आलो. माळ्यावर गेल्या वर्षीच्या तीसेक पीओपी मूर्ती धूळ खात पडल्यात, व्यापाऱ्याने परत पाठवलेल्या. नवी शाडूची करा म्हटलं तर पुन्हा माती उधार आणणं आलं. म्हणून त्यातलीच एक घेतली. दादा फक्त डोळे नव्याने आखून देणार आहेत, तेवढ्यासाठी चष्मा पुसून बसलेसुद्धा! २८०० तिथेच दिले. विसर्जन कृत्रिम हौदात. अर्जाचं मुलाला सांगितलंय, तो "बघतो" म्हणाला.

सडेतोड: म्हणजे शेवटी पीओपीच. मग विचारलं कशाला?

हमरापूरचा_भाचा: मामांकडे अशा साठ आहेत. कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ठाण्याची_काकू: पीओपीची सोंड तुटत नाही ना? मला एक सांगून ठेव रे.