२०१२ चा पीसी, बोर्ड गेला: नुसता मदरबोर्ड टाकू का सगळंच नवं घेऊ?

गंगाखेडचं दुकान

नमस्कार मंडळी. गंगाखेडला डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आपलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, बॅनर, शिवाय पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, अकरावीचे फॉर्म, जे येईल ते. दोन मशीन आहेत. त्यातला थोरला परभणीहून २०१२ ला असेंबल करून आणलेला: आय५ २४०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ च्या ४-४ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, मागाहून बसवलेली २४० ची साटा जोडणीची एसएसडी, ४५० वॅटचा लोकल एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), साडेअठरा इंची मॉनिटर (फक्त व्हीजीए). विंडोज १०.

अवकाळीत लाईटनं लई लपंडाव केला, तेव्हापासून हा रुसलाय. बटण दाबलं की पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. पाच-सात वेळा बंद-चालू केल्यावर कधी येतो, आणि कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडलं की पुन्हा काळा. रॅम खोडरबरानं घासून झाली, सेल बदलून झाला. कॅबिनेट उघडून बघितलं तर प्रोसेसरजवळचे कंडेन्सर वरून फुगलेत.

परभणीचा दुकानदार म्हणतो, भंगारात घाला, नवीन घ्या, चाळीस हजार. आमचं दुकान उधारीवर चालतं, चाळीस हजार कुठून काढू? नुसता बोर्ड बदलून बाकीचं वापरता येईल का? अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर चालला पाहिजे. मराठी फॉन्टचं डोंगल (ते लावल्याशिवाय फॉन्टचं सॉफ्टवेअर चालत नाही) पण आहे मागं लावलेलं, पण तो काही प्रश्न नाही.

उदगीर ते सिकंदराबाद

भाऊ, कशाला डोकं लावता? सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरला जा. कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप पडलेले असतात. आमच्याकडचे निम्मे नेटकॅफेवाले तिथूनच आणतात. चाळीसच्या निम्म्यात काम होईल.

लातूरचा बेंच

उदगीरकरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण तिथं गेलात तर प्रोसेसरची पिढी बघून घ्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप). सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर काहीतरी जुगाड करून ११ टाकतात आणि "अकरा आहे की" म्हणून विकतात. दुसरं, त्या ब्रँडेड छोट्या डब्यांत एसएमपीएसचा कनेक्टर बऱ्याचदा त्या कंपनीचा स्वतःचा असतो. उद्या तो गेला की बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. गंगाखेडात बसून त्याचा पार्ट कुठं शोधणार?

आता मूळ प्रश्न. लोक "मदरबोर्ड बदलायचा" म्हणतात तेव्हा हिशेब एकाच वस्तूचा करतात. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या तिघांची सोयरीक पक्की असते. तुमचा आय५ २४०० हा एलजीए ११५५ सॉकेटचा. तो दुसऱ्या कुठल्याच सॉकेटच्या बोर्डावर बसत नाही. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचसुद्धा वेगळ्या जागी. म्हणजे नवीन पिढीचा बोर्ड घेतला की प्रोसेसर आणि रॅम आपोआप बाद. उलट कॅबिनेट, हार्डडिस्क, एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, माउस यांना कोण बोर्ड आला याचं काही घेणं-देणं नाही. साटा ती साटाच.

तुमच्यापुढं रस्ते दोनच. एक, ११५५ चाच बोर्ड. नवे बनवलेले एच६१ बोर्ड अजून मिळतात, अडीच-तीन हजारांच्या आसपास. जुनं सगळं त्याच्यावर चढेल, फॉरमॅटसुद्धा बहुतेक लागणार नाही. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापराला सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, बस. तुमच्या मशीनवर लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे पासबुक रोज स्कॅन होतात. त्यासाठी मी तरी त्याच्यात पैसे घालणार नाही. घरात पोरांना गाणी ऐकायला असता तर म्हटलं असतं, टाका एच६१ आणि विसरा.

दोन, एच६१० चा बोर्ड आणि आय३ १२१००. नावापुढं एफ लागलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं आणि मग वेगळं कार्ड आलं. एच६१० मध्ये डीडीआर४ चा आणि डीडीआर५ चा असे दोन्ही प्रकार येतात, पावती फाडण्याआधी खोक्यावर वाचा. मागं व्हीजीए पोर्ट असलेलं मॉडेल मागा, मिळतं, मॉनिटर तोच चालेल. रॅमचे भाव चढलेत, ८ ची एकच पट्टी घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. जुना प्रोसेसरचा पंखा १२१०० च्या १७०० सॉकेटवर बसत नाही, भोकांचं अंतर ७५ मिमीवरून ७८ झालंय. प्रोसेसरच्या खोक्यातला नवीन पंखा वापरा.

पण बोर्ड विकत घ्यायच्या आधी तो मेला कशानं हे शोधा. नाहीतर नवीनही त्याच वाटेनं जाईल. मला संशय एसएमपीएसवर आणि त्याहून जास्त अर्थिंगवर आहे. एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचा. "४५० वॅट" मोठ्या अक्षरात असतं, खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला किती अँपिअर ते असतं. तिथं १६ अँपिअर लिहिलं असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. काम करणारे वॅट तेवढेच. मशीन चालू ठेवून मोठ्या कनेक्टरच्या मागून पिवळ्या आणि काळ्या वायरीत मीटर लावा. ११.४० ते १२.६० च्या बाहेर रीडिंग गेलं की तो एसएमपीएस नव्या बोर्डाला लावायचा नाही. फुकट दिला तरी नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण येते का? आपल्याकडं दहातल्या सात दुकानांत येते आणि लोक म्हणतात "करंट मारतो जरा, चालतंय". एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडं दोन बारके कंडेन्सर गेलेले असतात. तिसऱ्या पिनेला खरी जमीन नसली की कॅबिनेटवर निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ च्या आसपास येऊन बसतो. ताकद नसते त्यात, माणूस मरत नाही. पण प्रिंटर दुसऱ्या स्विचबोर्डावरून, मॉनिटर तिसऱ्या एक्स्टेन्शनवरून, आणि तुम्ही चालू मशीनला यूएसबी वायर खुपसली, की तो फरक त्या पोर्टातून वाट काढतो. विजा चमकताना तर बोलायलाच नको. एप्रिल-मेमध्ये आपली काळी माती भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नुसतं नावाला उरतं. सॉकेटमध्ये फेज-अर्थ मोजा, २३० च्या जवळ यायला पाहिजे. न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. कमी-जास्त आलं तर वायरमनकडून खड्डा करून घ्या, मीठ-कोळसा घाला आणि उन्हाळाभर त्यात बादलीभर पाणी ओतत चला.

आणि हो, ते डोंगल "काही प्रश्न नाही" म्हणालात, ते कुठल्या पोर्टला लागतं? यूएसबी, का मागच्या लांबड्या, २५ भोकांच्या प्रिंटर पोर्टला?

कंडेन्सरवाला, नांदेड

फुगलेले कंडेन्सर बदलून तोच बोर्ड उठू शकतो हे कुणी सांगितलंच नाही. त्याच मायक्रोफॅरडचे, त्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ डिग्रीचे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) घ्यायचे. साधे रेडिओचे घातले तर महिन्यात परत फुगतील. दोनशे-तीनशेचं काम आहे. पण बोर्डात तांब्याचे थर असतात, ते उष्णता ओढून घेतात, त्यामुळं २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं भोक मोकळं होत नाही आणि नवशिका ट्रॅक उखडतो. येत असेल त्याच्याकडूनच करून घ्या.

गंगाखेडचं दुकान

सगळ्यांचे आभार. मोजून आलो.

एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला १४ अँपिअर निघाले. मशीन चालू असताना पिवळ्या वायरीवर ११.१. शेजारच्या मोबाइलवाल्याचा एसएमपीएस लावून बघितला तर पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला! खूश झालो, पण अर्ध्या तासात पुन्हा अडकला. म्हणजे दोघेही गेलेत.

अर्थिंगचं तर विचारू नका. फेज-अर्थ ६० च्या आत. वायरमनला बोलावलं, त्यानं उकरलं तर पत्र्याला जोडलेली वायरच तुटून पडलेली. पत्रा होता एवढंच. नवीन खड्डा घालून घेतलाय, आता झिणझिण गेली.

डोंगल बघितलं. लातूरकर, तुम्ही म्हणता तेच, २५ भोकांचं. ते सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा त्याच पोर्टचं मिळायचं. जुन्या लग्नपत्रिकांच्या फायली सगळ्या त्याच फॉन्टात. एच६१० वर तो पोर्ट येतो का?

लातूरचा बेंच

मागच्या बाजूला येत नाही. काही मॉडेलवर आत पिना असतात आणि वायरची पट्टी वेगळी घ्यावी लागते, पण त्याच्या भरवशावर बोर्ड निवडू नका. यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट करणारी वायर मिळते, ती प्रिंटरला ठीक. डोंगल त्यावर ओळखलं जाईल याचा भरवसा नाही, कारण सॉफ्टवेअर थेट जुन्या पोर्टच्या पत्त्यावर हाक मारतं. शिवाय सॉफ्टवेअरचा सेटअप १६ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोजवर तो उघडणारच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं.

तुमचं दुसरं मशीन कोणतं? त्याच्या मागं हा पोर्ट आहे का बघा.

गंगाखेडचं दुकान

ड्युअल कोअर, जी४१ चा बोर्ड, २ जीबी डीडीआर३, विंडोज ७ ची ३२ बिट. पोर्ट आहे! सध्या पोरगा त्यावर झेरॉक्सचा हिशेब लिहितो.

लातूरचा बेंच

झालं तर मग. डोंगल आणि पत्रिकांचं काम त्या मशीनवर न्या, त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. तयार पत्रिका पीडीएफ करून पेनड्राइव्हनं इकडं आणा. हिशेब पोराला नव्यावर लिहू दे. पोर्टलं, अंगठा, कोरल सगळं नव्या १२१०० वर. अंगठ्याच्या मशीनचा विंडोज ११ चा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का ते मात्र आजच बघून ठेवा, काही जुनी मॉडेलं बंद केलीत.

एसएसडीबद्दल: तुमचं जुनं विंडोज बहुतेक एमबीआर या जुन्या पद्धतीनं टाकलेलं असणार. नव्या बोर्डावर आतलं ग्राफिक्स वापरताना जुन्या पद्धतीचं बूट मिळत नाही, म्हणून एसएसडी नुसती उचलून लावली तर "बूट डिव्हाइस नाही" म्हणेल. घाबरू नका, डेटा जागेवर असतो. आधी सगळं ५०० च्या हार्डडिस्कवर उतरवा, डेस्कटॉप आणि डाउनलोड फोल्डर विसरू नका, लोकांचा अर्धा धंदा तिथंच पडलेला असतो. मग हार्डडिस्कची वायर काढून ठेवून एसएसडीवर ताजं विंडोज टाका. बायोसमध्ये पीटीटी चालू आहे का बघा, टीपीएम तोच. विंडोजची चावी जुन्या बोर्डाला बांधलेली असेल तर ती चालणार नाही. तुमचं विंडोज कुठलं, ते मी विचारत नाही.

बोर्ड बसवताना एकच गोष्ट नीट करा. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी खुंट्या असतात. जुना बोर्ड काढल्यावर नवीन बोर्ड वर धरून भोकं जुळवा. ज्या खुंटीवर भोक येत नाही ती पान्यानं काढून टाका. राहिली तर बोर्डाच्या पाठीला टेकते आणि शॉर्ट होतो. मग माणूस दोन दिवस रॅम बदलत बसतो. मागच्या पोर्टांभोवतीची पत्री नवीन बोर्डाच्या खोक्यातलीच बसवायची, जुनी जुळत नाही.

गंगाखेडचं दुकान

ठरलं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, चांगला एसएमपीएस मिळून चाळीसच्या निम्म्याहून थोडं वर जातंय, कॅबिनेट ते मॉनिटर सगळं जुनंच. एक शेवटचं: बाद झालेल्या डीडीआर३ च्या ४-४ च्या पट्ट्या त्या जी४१ ला चालतील का? २ जीबीत पोरगा रडतोय.

लातूरचा बेंच

पट्टीवरच्या काळ्या चिपा मोजा. दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे १६ असतील तर बहुतेक चालेल. एकाच बाजूला आठ असतील तर जी४१ ती घेत नाही, डिस्प्लेच देणार नाही. आणि ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढं वापरत नाही, म्हणून एकच लावा.

गंगाखेडचं दुकान

एक सोळाची आहे, एक आठची. सोळाची लावली, चालू झालं. आठची पडून आहे, कुणाला एच६१ ला लागत असेल तर सांगा, गंगाखेड स्टँडवर आणून देतो.

कंडेन्सरवाला, नांदेड

पट्टी राहू द्या, तो मेलेला बोर्ड मला द्या.